मासेमारीला तीन-चार दिवस जाताना काय खावं, काय प्यावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरच्या बोटीचा शिधा गेली कित्येक वर्षं मीच भरते. थंडीच्या दिवसांत आमची मंडळी गळ घेऊन गोव्यातल्या शापोरा नदीच्या काठी दोन-तीन रात्री मुक्कामाला जातात, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर असते. त्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी, दोघेही मला विचारत असतात : काकी, काय नेऊ, किती नेऊ, टिकेल का? जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना आकडे दिले आहेत. एका ठिकाणी सांगून झालेलं दुसरीकडे लागलं, तर त्या आकड्याकडे वळा.

१. काकी, मासे पकडायलाच चाललोय. तिथे मासळी मिळणारच, मग एवढं सामान कशाला?

एकही मासा लागणार नाही असं धरून सामान भरा. चणक आणि तांबोशी भरती-ओहोटीच्या वेळा बघून हलतात, तुमच्या भुकेची वेळ त्यांना ठाऊक नसते. पहिला दिवस तर जागा शोधण्यात आणि आमिष जमवण्यातच जातो. मासा मिळाला की तो जेवणावर वरकड. शिवाय तीन दिवस नुसत्या मासळीवर काढले तर पोट बिघडतं, हे मी घरच्यांच्या बाबतीत पाहिलं आहे.

२. एकच गोष्ट सांगायची तर काय सांगाल?

खवलेला ओला नारळ घरी ठेवा.

गोव्यात आपण जे जे जेवतो, हुमण (माशाची आमटी) असो, तोणाक (कडधान्याचा रस्सा) असो, सोलकढी असो, त्यात ओला नारळ असतोच. खवलेला किंवा वाटलेला नारळ उन्हात काही तासांत आंबतो. मी पहिल्या वर्षी हौसेनं मोठा डबाभर चवळीचं तोणाक करून दिलं होतं. दुपारी झाकण उघडलं तर वर फेस. सगळं टाकावं लागलं आणि चार माणसांनी दोन दिवस बिस्किटांवर काढले. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, तरी मला ते अजून लागतं.

त्यानंतर मी आजीच्या पुरुमेंताकडे वळले. प्रोव्हिमेंतो या पोर्तुगीज शब्दावरून हा शब्द आला. पावसाळ्याच्या आधी घराघरात भरून ठेवायची ती बेगमी. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात जे विकायला मांडतात ते आठवा : सुकी मासळी, सुक्या मिरच्या, आमसुलं, चिंच, मीठ, कडधान्यं, कांद्याच्या माळा, व्हिनेगर. तीच बोटीची यादी. ज्यात पाणी कमी, मीठ जास्त किंवा आंबटपणा भरपूर, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. चार महिन्यांच्या पावसात जे टिकतं ते चार दिवसांच्या उन्हात टिकणारच.

नारळाशिवाय घास उतरत नसेल तर अख्खा, न फोडलेला नारळ न्या आणि खवून लगेच वापरा. सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीसही चालतो.

३. चौघांना तीन दिवस पुरेल असा शिधा नेमका किती?

मी भरते तो हिशोब सांगते. तांदूळ २ किलो, जाडे पोहे १ किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, नाचणीचं पीठ अर्धा किलो. कांदे २ किलो, बटाटे २ किलो (दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत, एकत्र ठेवले तर बटाट्यांना लवकर कोंब येतात). अंडी दीड डझन, सुकी सुंगटं (कोळंबी) किंवा गालमो (बारीक सुका जवळा) पाव किलो, भाजलेले शेंगदाणे १ किलो, चणे अर्धा किलो, गूळ अर्धा किलो. लिंबं पंधरा, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या. कोकमाचं आगळ अर्धा लिटर. तेल अर्धा लिटर, मीठ अर्धा किलो, साखर अर्धा किलो, चहापूड १०० ग्रॅम, दूध पावडर पाव किलो. एक बाटली मिस्कूट (कैरीचं लोणचं) किंवा दुसरं कोणतंही तेलातलं लोणचं. काकणं (बांगडीसारखे कडक पाव) किंवा टोस्टचे तीन-चार पुडे. अख्खी काकडी, पेरू आणि अर्धवट पिकलेली केळी जेवढी मावतील तेवढी.

हे सगळं तीन दिवसांत संपत नाही. एक दिवसाचं उरायलाच हवं (प्रश्न २२).

आणखी एक. तिखट, मीठ, हळद, गरम मसाला घरीच मोजून एकत्र करा आणि एका जेवणाची एक अशा पुड्या बांधा. हलत्या बोटीत पाच डबे उघडणं म्हणजे पाच डबे सांडणं.

४. पाणी किती न्यायचं?

पिण्यासाठी दर माणशी रोज ४ लिटर आणि स्वयंपाकासाठी २ लिटर. चौघांचे तीन दिवसांचे झाले ७२ लिटर, वर एका दिवसाचे राखीव २४. म्हणजे २० लिटरचे पाच कॅन. मोठ्या एकाच पिंपात सगळं पाणी भरू नका. एक कॅन फुटला किंवा त्यात डिझेलचा वास शिरला तरी बाकीचे हाताशी राहतात.

नदीकाठी जाणारे म्हणतात, पाणी तिथलंच उकळून घेऊ. उन्हाळ्यात मांडवी-जुवारीचं पाणी भरतीबरोबर आत कितीतरी दूरवर खारट होतं. उकळल्यानं जंतू मरतात, खार जात नाही. गोडं पाणी विहिरीचं किंवा झऱ्याचं मिळालं तर फडक्यानं गाळून, चांगली खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्या आणि मग प्या.

तहान लागायची वाट पाहू नका. वाऱ्यावर घाम वाळून जातो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी पुडक्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, अंदाजानं नको. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त झालं तर ते घातक ठरतं.

५. भात समुद्राच्या पाण्यात शिजवला तर गोडं पाणी वाचेल ना?

नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. असा भात तोंडात धरवत नाही आणि पोटात गेला तर तहान दुप्पट होते. पिणं तर दूरच राहिलं : ते मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ पाण्यात भांडी विसळायला मात्र खुशाल वापरा. शेवटचा हात गोड्या पाण्याचा. जेटीजवळचं पाणी भांड्यांनाही नको.

६. उकडा तांदूळ न्यावा की सुरय (न उकडलेला तांदूळ)?

घरी आम्ही उकडाच खातो, आणि दिवसभर जाळं ओढणाऱ्याला सुरयेच्या भातानं धीर येत नाही हेही खरं. पण उकडा शिजायला पाऊण तास लागतो आणि तितका गॅस जातो. यावर उपाय जुना आहे. तांदूळ सकाळी भिजत घाला. संध्याकाळी जड बुडाच्या भांड्यात भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, घट्ट झाकण लावा आणि भांडं गोधडीत किंवा जाड गोणपाटात गुंडाळून तासभर बाजूला ठेवा. आतल्या वाफेवर भात होतो. पेज हवी असेल तर पाणी वाढवा. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा आणि खारातलं तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी) असलं की दुसरं काही लागत नाही.

फक्त एका रात्रीचा मुक्काम असेल तर सुरय न्या आणि मोकळे व्हा.

७. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला तर चालतो का?

फ्रीज नसताना नाही. भात कोमट राहिला की त्यात एक जंतू वाढतो. त्याचं विष पुन्हा तापवून जात नाही, आणि वासावरून कळतही नाही. काही तासांतच उलट्या सुरू होतात, आणि भर समुद्रात उलट्या म्हणजे अंगातलं पाणी संपणं.

यावर नेहमी येणारा प्रतिप्रश्न : आमची आजी रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी मीठ-मिरचीशी खायची, तिला काही झालं नाही. आजीचं मडकं रोज धुतलेलं असायचं, भात पूर्ण पाण्याखाली असायचा आणि तो आंबला की नाही हे तिचं नाक सांगायचं. बोटीवर भांड्याला मासळीचे हात लागलेले असतात. म्हणून तिथे मी हे करू देत नाही. लागेल तेवढाच भात शिजवा.

८. पोई आणि पाव किती दिवस टिकतात?

पदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, त्या दिवशी मऊ, दुसऱ्या दिवशी चिवट, तिसऱ्या दिवशी दमट हवेत बुरशीची. गरम पोई प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच बांधू नका, वाफेनं ती लवकर जाते. कापडी पिशवीत न्या आणि दीड दिवसात संपवा. चिवट झालेली तव्यावर भाजली की परत चांगली लागते. पुढच्या दिवसांसाठी काकणं आणि टोस्ट. दुधात भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस छान राहतात, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा.

९. सुकी मासळी न्यायची तर आहे, पण सगळीकडे वास लागतो. काय करू?

घरीच भाजून घ्या. सुकी सुंगटं किंवा गालमो निवडून, डोकी-शेपट्या काढून, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, गार करा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. भाजल्यानं ओल जाते, वास डब्यातच राहतो आणि तिथे गॅसही लागत नाही.

तिथे किसमूर करताना त्यात चिरलेला कांदा, लाल तिखट, भिजवलेलं आमसूल आणि खोबरेल तेल घालून हातानं चुरा. ओल्या नारळाच्या जागी भाजलेलं सुकं खोबरं घाला. खायच्या वेळीच कालवा. कांदा पडला की ते ओलं झालं, मग ते टिकवायचं नाही.

सुके बांगडे मात्र कच्चेच न्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि निखाऱ्यावर भाजा. रक्तदाब असणाऱ्यांनी प्रश्न १९ वाचावा.

१०. अंडी उकडून नेली की फुटायची भीती नाही. बरोबर ना?

फुटायची भीती जाते, नासायची वाढते. कच्च्या अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, उकडल्यावर तो धुऊन जातो. म्हणून उकडलेलं अंडं उन्हात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि कच्चं अंडं मात्र सावलीत चार-पाच दिवस सहज राहतं. कच्ची न्या, पोह्यांच्या डब्यात खोचून. पोहेही येतात, अंडीही सांभाळली जातात. दुकानातून घेताना फ्रीजमधली घेऊ नका, बाहेर आल्यावर त्यांना घाम सुटतो आणि ओल कवचातून आत जाते. एकेक अंडं वेगळ्या वाटीत फोडून पाहा, मगच भांड्यात टाका.

११. चोरीस, बालचाव, पारा : यांना खरंच फ्रीज लागत नाही का?

नीट केलेल्यांना लागत नाही. ही सगळी फ्रीज यायच्या आधीची युक्ती आहे. चोरीसमध्ये डुकराचं मांस मीठ, मिरची, मसाले आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर लावून भरतात आणि माळा धुरी-उन्हात सुकवतात. माळ टांगून ठेवा किंवा कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. आणि चोरीस कच्चं खायची वस्तू नाही, कांदा-बटाट्याबरोबर पूर्ण शिजवा. त्याच्या तेलातच सगळं होतं, वेगळं तेल घालू नका.

सुंगटांचं बालचाव आणि सुक्या मासळीचा पारा ही तिखट-आंबट लोणची. त्यांची काळजी एवढीच की चमचा कोरडा असावा आणि वर तेलाचा थर राहावा. ओला चमचा गेला की बाटली गेली. मी मोठी बरणी देत नाही, छोट्या तीन बाटल्या देते, रोज एक उघडायची.

बाजारातली बाटली असेल तर तिच्यावर ‘उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा’ असं लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर ते पाळा, ती पाककृती घरच्यासारखी आंबट नसते.

१२. पाण्याखेरीज प्यायला काय न्यावं?

माझं पहिलं उत्तर आगळ. कोकमाचा मीठ घातलेला रस फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने राहतो. पेलाभर पाण्यात दोन चमचे, चिमूटभर जिरेपूड, हवी तर साखर. उन्हात घामावाटे मीठ जातं, ते परत मिळतं. सोलकढी नको, तिच्यात नारळाचं दूध असतं (प्रश्न २). तिच्याऐवजी फुटी कढी करा : आगळ, पाणी, मिरची, कोथिंबीर आणि वर लसणाची फोडणी. आगळ ॲल्युमिनियमच्या किंवा पितळी भांड्यात ठेवू नका. आंबटानं धातू उतरतो.

शहाळी जड असतात, पण बंद भांड्यातलं इतकं स्वच्छ पाणी दुसरीकडे मिळत नाही. बोटीला जागा असेल तर माणशी दोन न्या.

पहाटे चहा लागतोच. दूध पावडर सर्वात सोपी. न उघडलेलं टेट्रा पॅक दूधही बाहेर राहतं, पण उघडलं की त्याच वेळी संपवायचं, म्हणून लहान पुडे घ्या. रात्री थंडी वाजली तर कुळथाची पिठी करा : पीठ गार पाण्यात कालवून, लसणाच्या फोडणीत ओतून, दोन आमसुलं टाकून दहा मिनिटं उकळायचं. पातळ केली की पेल्यानं पिता येते. माझ्या मते बोटीवरचा सगळ्यात चांगला पदार्थ हाच.

लिमका-कोल्याच्या बाटल्या नेल्यात तर नेल्यात, पण त्यांना पाण्याच्या हिशोबात धरू नका.

१३. फेणी, ऊराक (काजूची पहिल्या धारेची दारू) चालेल का? थोडीच.

बोट पाण्यावर असेपर्यंत नाही. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपली फेणी, मला तिचा अभिमान आहे. पण दारूनं लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, बोट लागायचं प्रमाण वाढतं, आणि रात्री कठड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा तोल जातो. परतून, बोट बांधून, घरी बसून घ्या.

एप्रिलमध्ये नीरो नेऊ का असं हमखास विचारतात. नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, सकाळी गोड असतो, दुपारपर्यंत आंबायला लागतो. बंद बाटलीत वायू साठून ती फुटू शकते. जागेवरच प्या, बरोबर नेऊ नका.

१४. बर्फ कसा न्यायचा? मासळीच्या बर्फातच पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर?

दोन पेट्या हव्यातच, एक खाण्याची, एक मासळीची. मासळीसाठी मिळणारा बर्फ प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही. तो सरबतात तर घालायचाच नाही, त्यात ठेवलेली बाटलीही तोंडाला लावू नका.

खाण्याच्या पेटीसाठी सोपी गोष्ट : लिटरच्या बाटल्या तीन चतुर्थांश भरून दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये टाका. तोच तुमचा बर्फ, वितळला की तेच पिण्याचं थंड पाणी. मोठा गोळा चुऱ्यापेक्षा हळू वितळतो. पेटी आदल्या रात्री आतून थंड करा, सावलीत ठेवा, ओली गोणी वर टाका आणि सारखी उघडू नका. तरी दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळनंतर पेटीच्या भरवशावर काही ठेवू नका. कच्चं मांस नेलंच असेल तर ते पहिल्या दुपारी संपवा.

१५. आत्ताच पकडलेला मासा तर ताजाच. त्यानं काही होत नाही ना?

काढल्या काढल्या बर्फात गेला तर नाही. पण बांगडा, तारली, कुप्पा (ट्यूना) हे मासे उन्हात तासन्‌तास पडले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. तळून, उकळून ते जात नाही. खाताना जीभ मिरीसारखी चुणचुणते, मग तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. असा घास लागला तर थुंका आणि ताट बाजूला ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर थेट किनाऱ्याला या. म्हणून मासा लागला की लगेच मारा, पोट साफ करा, बर्फात टाका. फोटो नंतर.

फुगणारा केंड मासा गळाला लागला तर तो परत सोडा. त्याचं विष कोणत्याही शिजवण्यानं जात नाही आणि त्याला उतारा नाही.

नदीवर जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे किंवा त्याला जोडलेल्या खाड्यांत पाण्याच्या कडेला बसून मासे साफ करू नका आणि आतडी तिथेच टाकू नका. पाण्यापासून दूर, बादलीत करा.

मासे आणि आमिष कापायची फळी वेगळी, कांदा चिरायची वेगळी. खाण्याआधी हात साबणानं आणि गोड्या पाण्यानं. खाऱ्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, भांड्यांच्या पातळ साबणाला येतो.

१६. बोटीवर गॅस लावणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचतो, आणि इंजिनची एक ठिणगी पुरते. सिलिंडर उघड्यावर उभा बांधा, वापर झाला की नुसता शेगडीचा नव्हे, सिलिंडरचाही खटका बंद करा, निघण्यापूर्वी नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. बंद केबिनमध्ये शेगडी किंवा निखारे कधीच नकोत, धुरातला विषारी वायू झोपेतच माणूस नेतो. जवळ वाळूची बादली ठेवा. बोट डोलत असेल तेव्हा तळण अजिबात करू नका. ज्या दिवशी समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी दडपे पोहे, शेंगदाणे-गूळ, लोणचं-दशमी.

१७. मला बोट लागते. काय खाऊ?

आदल्या रात्री हलकं जेवा, तेलकट टाळा. उपाशी निघू नका, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं. सकाळी टोस्ट आणि कोरा लिंबूचहा. खिशात आल्याच्या वड्या ठेवा. डिझेलच्या धुरापासून दूर बसा, नजर क्षितिजावर. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. गोळीनं झोप येते, म्हणून सुकाणू धरणाऱ्यानं ती घेऊ नये.

१८. मी सोमवार-गुरुवार मासळी खात नाही. बाकीचे खातात. कसं जमवायचं?

आमच्या घरीही हेच आहे. वेगळी कढई, वेगळा डाव आणि वेगळा डबा, त्यावर दोरा बांधून खूण. कुळथाची पिठी, बटाट्याची कांदा-टोमॅटोतली भाजी, मोड आलेल्या मुगाची उसळ (मूग निघताना भिजवा, तिथे कापडात बांधले की दुसऱ्या दिवशी मोड येतात) आणि लोणचं. नुसता उपास असेल तर खजूर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी. घरून केलेली साबुदाण्याची खिचडी नको, बटाट्यामुळे ती दुपारपर्यंत आंबते. कडक निर्जळी करायची असेल तर त्या दिवशी बोटीवर जाऊ नका. हे मी धर्माच्या विरोधात सांगत नाही, उन्हाच्या भीतीनं सांगते.

१९. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे, पण जायचा हट्ट आहे.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर न्या. मधुमेहींना जेवणाची वेळ चुकवून चालत नाही, आणि मासा ओढण्याच्या नादात तेच होतं. चणे, शेंगदाणे त्यांच्या खिशात आणि ग्लुकोज किंवा साखर बरोबरच्या माणसाच्या खिशातही असू द्या. नाचणीची आंबील सकाळी चांगली. इन्सुलिन बर्फाला टेकवू नका, गोठलं तर ते निकामी होतं. ओल्या कापडाच्या पिशवीत, सावलीत ठेवा.

रक्तदाबासाठी सुकी मासळी आणि खारातली तोरं कमी. सुका बांगडा खायचाच असेल तर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, दोनदा पाणी बदलून घ्या. आगळात मीठ असतं, त्यांना त्याऐवजी आमसुलं भिजवून पाणी द्या.

२०. जून-जुलैत काय बदलतं?

१ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे समुद्रावरचा मुक्काम नाही. नदी-खाडीच्या काठी जाणाऱ्यांचा शत्रू तेव्हा ऊन नसून ओल असते. पोहे, टोस्ट, भाजलेली सुंगटं तासाभरात मऊ पडतात. एका वेळचं एक असे छोटे पुडे करा, काड्यापेटी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. ऑगस्टच्या सुरुवातीलाही समुद्र शांत नसतो, तेव्हा शिजवावं न लागणारं सामान जास्त घ्या (प्रश्न १६).

२१. किनाऱ्यावर तंबू टाकला तर उरलेलं अन्न पुरून टाकलं तर चालेल?

नको. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पुरलेल्या अन्नाच्या वासानं कुत्री वाळू उकरतात आणि मग त्यांना अंडीही सापडतात. या किनाऱ्यांवर तंबू, शेकोटी, दिवे काहीच नको. इतरत्रही सगळा कचरा बरोबर परत आणा. निघताना दोन रिकाम्या गोणी घेतल्या की झालं. तुटलेली दोरी पाण्यात कधीच टाकू नका.

२२. इंजिन बिघडलं, एक दिवस उशीर झाला तर?

म्हणूनच प्रश्न ३ मध्ये एक दिवसाचं जास्त सांगितलं. ते वेगळ्या डब्यात भरून, चिकटपट्टी लावून तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) ताब्यात द्या : शेंगदाणे, गूळ, चणे, टोस्ट, ओआरएसच्या पुड्या आणि पाण्याचा एक न उघडलेला कॅन. गंमत म्हणून कुणी तो फोडायचा नाही. पाणी कमी असेल तर खाणंही कमी करा, विशेषतः खारट आणि सुकी मासळी पूर्ण बंद, कारण ती पचवायला पाणी लागतं. दुपारी सावलीत पडून राहा.

किनाऱ्यावर एका माणसाला निघायची वेळ, जागा आणि परतायची वेळ लिहून द्या. आमच्याकडे तो कागद देवघराशेजारी टांगलेला असतो. वायरलेस असेल तर चॅनल १६. फोनची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, तो डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.